सत्तर मार्कांची मॅच

डॅलसला येऊन मला तीन महिने झाले होते. नोव्हेंबर संपत आला होता. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी घ्यायला गेलो तर टीममधले दोघं हातवारे करत वाद घालत होते. एक आमचा डेटाबेसवाला, दक्षिण डॅलसमधल्या ओक क्लिफ भागात वाढलेला. दुसरा टेस्टिंगचा लीड, पश्चिम टेक्सासमधल्या मिडलंडचा. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. एरवी मीटिंगमध्ये तोंडातून शब्द न काढणारे हे दोघं शुक्रवारच्या प्लेऑफ मॅचवर तुटून पडले होते. कुणाचा क्वार्टरबॅक भारी, कुणाची बचावफळी थकलेली, कुणाला आतापर्यंत सोप्या टीम मिळाल्या. मी आपला माना डोलावत उभा. दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे शाळेच्या पोरांबद्दल बोलतायत! नववी ते बारावीची पोरं. आणि या दोघांची मुलं त्या शाळांमध्ये शिकतही नव्हती.

‘‘अरे, पण शाळेचीच मॅच आहे ना?’’ मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंढरपुरात उभा राहून ‘चालतच का जायचं, बस आहे ना’ असं विचारलंय. मग डेटाबेसवाला एवढंच म्हणाला, ‘‘अठ्ठ्याऐंशी.’’ मिडलंडवाला लगेच म्हणाला, ‘‘तुम्ही निदान हरल्या-जिंकल्याचं तरी बोला. आम्ही तर नाण्यावर गेलो.’’

त्या रात्री घरी येऊन मी १९८८ शोधायला बसलो. मग ते प्रकरण मला महिनाभर सुटलं नाही. कारण त्यात एक मॅच होतीच, पण त्याच्या मुळाशी बीजगणिताच्या पेपरातले मार्क होते. आणि मार्कांशी माझं जुनं भांडण आहे.

विजेता ठरवायचा कसा?

इथला फुटबॉल म्हणजे पायापेक्षा हाताचा खेळ. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून समोरच्याच्या हद्दीत शेवटपर्यंत न्यायचा, आणि समोरच्याने धडक मारून तो अडवायचा. टेक्सासमध्ये शाळांचा हा खेळ यूआयएल नावाची संस्था चालवते. शाळांच्या फुटबॉलमध्ये राज्याचा विजेता ठरवायला तिने १९२० मध्ये सुरुवात केली. गंमत म्हणजे ती पहिलीच फायनल ०-० सुटली आणि दोन शाळांना विजेतेपद वाटून द्यावं लागलं. म्हणजे ‘खरा विजेता कोण’ हा वाद पहिल्या वर्षापासूनच जन्माला घातलेला.

पुढे प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर काय करायचं याचे नियम आले. कोणता संघ समोरच्याच्या वीस यार्डांच्या आत जास्त वेळा घुसला ते मोजायचं. तेही सारखं असेल तर आणखी दुसरं काही मोजायचं. वाचताना मला आपल्याकडच्या मेरिट लिस्टची आठवण झाली. एकूण गुण समान, तर गणिताचे बघा. गणिताचेही समान, तर वय बघा. कुठेतरी रेष मारायचीच असते. ती मारली की रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आयुष्यभर भांडायला मोकळे.

पण त्याआधी एक फार मोठी रेष होती. टेक्सासमध्ये काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि यूआयएलमध्ये त्यांना जागा नव्हती. त्यांची वेगळी लीग होती. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांची, म्हणून काळ्या शाळांच्या मॅचेस बऱ्याच ठिकाणी बुधवारी नाहीतर गुरुवारी व्हायच्या. १९६७ पासून या शाळा यूआयएलमध्ये यायला लागल्या आणि १९७० मध्ये ती वेगळी लीग बंद झाली. याचा अर्थ असा, की १९८८ च्या सेमीफायनलमध्ये जे दोन संघ समोरासमोर आले, ते वीस-बावीस वर्षांपूर्वी एकमेकांशी खेळूच शकले नसते. हे डोक्यात ठेवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

ट्रकस्टॉपवरचं नाणं

ओडेसा हे पश्चिम टेक्सासचं तेलाचं गाव. डॅलसहून साडेपाचशे किलोमीटर. सगळीकडे सपाट, कोरडं रान आणि जमिनीत मुंडी खालीवर करणारे पंप. १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले आणि गावाचं कंबरडं मोडलं. कंपन्या बुडाल्या, नोकऱ्या गेल्या. जे उरलं त्यात एक होती पर्मियन हायस्कूलची फुटबॉल टीम. १९६५, १९७२, १९८० ही वर्षं तिने जिंकलेली, आणि १९८४ ची फायनल बरोबरीत सुटल्याने विजेतेपद वाटून घेतलेलं. गावाची वस्ती नव्वद हजारांच्या आसपास आणि १९८२ मध्ये बांधलेल्या रॅटलिफ स्टेडियममध्ये जागा एकोणीस हजारांच्या वर. म्हणजे गावाचा साधारण पाचवा हिस्सा एकावेळी आत मावेल अशी सोय. आपल्याकडे अशी सोय फक्त जत्रेत होते.

१९८८ च्या हंगामात एच. जी. बिसिंजर नावाचा पत्रकार फिलाडेल्फियाची नोकरी सोडून, बायकापोरांसह ओडेसाला राहायला आला. त्या वर्षावर त्याने लिहिलेलं ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ १९९० मध्ये आलं. त्यातला एक हिशोब माझ्या डोक्यात रुतून बसलाय. त्या वर्षी पर्मियनमध्ये इंग्रजी विभागाच्या शिकवण्याच्या साहित्यावर ५,०४० डॉलर खर्च झाले, आणि कोचना मॅचची फिल्म ताबडतोब धुऊन मिळावी यासाठी ६,४००. दूरच्या मॅचेसना टीम भाड्याच्या विमानाने जायची, त्याचा खर्च ७०,००० डॉलर.

त्या हंगामात पर्मियन मिडलंडच्या ली हायस्कूलकडून २२-२१ अशी एका गुणाने हरली. गटाच्या शेवटी तीन शाळा बरोबरीत आल्या: पर्मियन, ली आणि मिडलंड हाय. प्लेऑफमध्ये जागा दोनच. मग ठरलं, नाणं उडवायचं. मध्यरात्रीनंतर, हायवेवरच्या एका ट्रकस्टॉपमध्ये तीन कोच जमले. तिघांनी एकदम नाणी उडवायची, ज्याचं वेगळं पडेल तो बाहेर. टीव्हीवर त्याचं थेट प्रक्षेपण होतं. लोक घराघरांत जागे होते. वेगळं नाणं पडलं ते मिडलंड हायचं.

आमचा टेस्टिंगचा लीड तेव्हा मिडलंड हायमध्ये शिकत होता. तो सांगतो, ‘‘बाबा टीव्ही बंद करून झोपायला गेले. आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. काय बोलणार? नाण्याची चूक काढता येत नाही.’’

पेरोसाहेबांचा नियम

आता दुसरी बाजू. यात आमच्या धंद्यातला एक माणूस येतो. रॉस पेरो. १९६२ मध्ये त्याने डॅलसमध्ये ईडीएस कंपनी काढली आणि दुसऱ्या कंपन्यांची संगणकाची कामं करून देणं हाच धंदा करून दाखवला. आज पुण्या-बंगळुरूत आम्ही ज्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फ्रेशर म्हणून लागतो, त्यांचा हा एक पूर्वजच म्हणायचा. टेक्सासच्या गव्हर्नरने, मार्क व्हाइटने, राज्याच्या शाळा सुधारण्यासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद पेरोला दिलं. पेरोने इंजिनियरसारखा हिशोब मांडला. शाळा पोरांना कशासाठी ठेवतात, शिकवायला की खेळवायला? १९८४ च्या उन्हाळ्यात कायदा झाला. शिक्षकांचे पगार वाढले, वर्गातली मुलांची संख्या कमी करायचं ठरलं, आणि त्यातच एक कलम आलं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘नो पास, नो प्ले’. सहा आठवड्यांच्या सत्रात एकाही विषयात ७० पेक्षा कमी मार्क पडले, तर पुढचे सहा आठवडे खेळ बंद. वाद्यवृंद, नाटक, सगळंच बंद. पण बोंब झाली ती फुटबॉलची.

कोच चिडले, पालक कोर्टात गेले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये नियम कायम ठेवला. १९८६ ची निवडणूक व्हाइट हरला. हरण्याला करवाढीसकट बरीच कारणं होती, पण कोचमंडळींचा राग त्यातलं एक ठळक कारण म्हणून आजही सांगितलं जातं.

मला हा नियम वाचताक्षणी आवडला होता. साधा, स्वच्छ, एका ओळीत लिहिता येणारा. ७० पेक्षा कमी तर बाहेर. कोडमध्ये लिहायला अर्धं मिनिट लागेल. पण कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, भानगड कधी अटीत नसते. अटीत जो आकडा येतो, तो कुठून येतो यात असते.

बीजगणित आणि न्यायालय

ओक क्लिफमधलं डेव्हिड डब्ल्यू. कार्टर हायस्कूल १९८८ पर्यंत जवळजवळ पूर्णपणे काळ्या मुलांची शाळा झालं होतं. त्या वर्षीच्या टीमबद्दल आमचा डेटाबेसवाला बोलायला लागला की त्याचा चहा गार होतो. त्यातला जेसी आर्मस्टेड पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून बरीच वर्षं खेळला. अनेकांना कॉलेजच्या शिष्यवृत्त्या ठरल्यातच जमा होत्या.

हंगामाच्या मध्यावर टीममधल्या एका मुख्य खेळाडूला बीजगणितात शिक्षकाने नापास केलं. गृहपाठ, वर्गातला सहभाग आणि चाचण्या यांचं वजन कसं धरायचं, यावर शिक्षकाची एक पद्धत होती आणि शाळेने आखलेली दुसरी. शिक्षकाच्या हिशोबाने मुलगा ७० च्या खाली, मुख्याध्यापकांच्या हिशोबाने वर. मुख्याध्यापकांनी मार्क बदलले आणि मुलगा खेळत राहिला.

कुणीतरी तक्रार केली. मुलगा अपात्र ठरला, तर तो खेळलेल्या मॅचेस हरल्यात जमा आणि कार्टर प्लेऑफच्या बाहेर, अशी वेळ आली. शिक्षण खातं एक म्हणालं, कोर्टाने दुसरं म्हटलं. पुढची मॅच होणार की नाही, हे ऑस्टिनच्या न्यायालयात ठरायला लागलं. फळ्यावर सोडवलेल्या समीकरणांवर वकील उलटतपासणी घेत होते.

आणि या काळात लोक वाद घालत होते. केशकर्तनालयात, चर्चबाहेर, रेडिओवर, पेट्रोलपंपावर. ओक क्लिफमध्ये म्हणणं असं, की काळ्या शाळेची टीम जिंकायला लागल्याबरोबर सगळ्यांना बीजगणित आठवलं. बाकीच्या शाळांमध्ये कुणाचे मार्क कधी तपासले? पलीकडचं म्हणणं असं, की नियम म्हणजे नियम. आमच्या पोरांना बाहेर बसवलं तेव्हा आम्ही कोर्टात गेलो का? दोन्ही बाजूंना आपापल्यापुरता खराखुरा अनुभव होता. ओडेसातलं चित्रही स्वच्छ नव्हतं. १९८२ मध्ये केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने तिथली काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांची एक शाळा बंद झाली आणि मुलं उरलेल्या दोन शाळांमध्ये वाटली गेली. बिसिंजर लिहितो, की हद्दीच्या रेषा आखताना पर्मियनच्या टीमला कोण मिळेल हेही पाहिलं गेलं. म्हणजे रेष इथे नकाशावर होती, तिथे प्रगतिपुस्तकात.

शेवटी कोर्टाने कार्टरला खेळू दिलं. कार्टर आणि पर्मियन सेमीफायनलला समोरासमोर आले.

चौदा-नऊ

डिसेंबर १९८८. ऑस्टिनमधलं विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम. पाऊस. चेंडू हातातून निसटतोय, गवत घसरतंय. महिनाभर ज्या मॅचवर लोक भांडले, ती मॅच अशी चिखलात झाली. कार्टर १४, पर्मियन ९. पुढच्या आठवड्यात कार्टरने फायनलही जिंकली, कॉन्व्हर्स जडसन शाळेविरुद्ध ३१-१४.

मी डेटाबेसवाल्याला विचारलं, ‘‘तू होतास ऑस्टिनला?’’

‘‘होतो. सगळं अंग भिजलं होतं. ती रात्र मला पूर्ण आठवते. त्यानंतरची वर्षं विसरता आली तर बरं होईल.’’

त्यानंतरची वर्षं अशी. १९८९ मध्ये त्या विजेत्या टीममधली काही मुलं सशस्त्र दरोड्यांमध्ये सापडली. शिष्यवृत्त्या ठरलेली मुलं. काहींना लांब शिक्षा झाल्या, सगळ्यात मोठी वीस वर्षांची. ज्याच्या बीजगणितावरून कोर्ट बसलं होतं, तोही त्यात होता. ज्या शिक्षकाने नापास केलं होतं, त्याची त्या शाळेतून बदली झाली होती. आणि १९९१ मध्ये कार्टरचं विजेतेपद काढून घेण्यात आलं. मुलगा अपात्रच होता असा अखेर निर्णय झाला. रेकॉर्डमध्ये १९८८ चा विजेता आता जडसन आहे, फायनल १७ गुणांनी हरलेली शाळा.

पर्मियनने १९८९ मध्ये एकही मॅच न हरता विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, ठरलेल्या तारखेआधी सराव घेतल्याबद्दल पर्मियनलाच प्लेऑफमधून बाद केलं. तक्रार केली होती गावातल्याच दुसऱ्या शाळेच्या कोचने. नियम म्हणजे नियम म्हणणाऱ्यांच्या दारात नियम येऊन उभा राहिला.

२००४ मध्ये पुस्तकावर सिनेमा आला. त्यात पर्मियन-कार्टर मॅच सेमीफायनल नाही, फायनल आहे. चिखल नाही, ह्यूस्टनच्या छत असलेल्या ॲस्ट्रोडोममध्ये आहे. स्कोअर १४-९ नाही, ३४-२८. जगभरातल्या बहुतेकांना आता तीच मॅच ठाऊक आहे. आणि बीजगणिताची भानगड त्या गोष्टीच्या कडेलाही नाही. खुद्द नियमही सौम्य झाला. १९९५ पासून सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी मुलाला पुन्हा संधी मिळते.

एम-थ्री

मार्कांशी माझं जुनं भांडण आहे असं वर म्हटलं, ते आता सांगतो.

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला एम-थ्रीत अडतीस पडले होते. पासिंग चाळीसला. दोन मार्क ग्रेसचे मिळाले आणि मी पुढे सरकलो. आज माझ्या व्हिसाच्या कागदांमध्ये, बायोडेटामध्ये, कुठेही त्या दोन मार्कांचा पत्ता नाही.

माझा रूममेट व्हॉलीबॉल खेळायचा. फार चांगला खेळायचा. कॉलेजला त्याच्यामुळे कप मिळाला, त्याचा फोटो फ्लेक्सवर लागला. स्पर्धेच्या दिवसांत ‘‘तू खेळ रे, सबमिशनचं बघू’’ असं त्याला सांगितलं गेलं. तोंडी. सबमिशनच्या वेळी ते कुणालाच आठवत नव्हतं. हजेरी कमी, टर्मवर्क अपुरं, त्यात दोन विषय अडकले. एटीकेटीची मर्यादा ओलांडली आणि त्याला वायडी लागला. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी फीचे पैसे उभे राहिले नाहीत. तो सांगलीकडच्या आपल्या गावी गेला. त्याच्यासाठी कुणी कोर्टात गेलं नाही. केशकर्तनालयात त्याच्यावर वाद झाले नाहीत. आम्ही मित्रांनी एक दिवस मेसमध्ये हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी पेपर होता म्हणून अभ्यासाला बसलो.

म्हणून कार्टरची गोष्ट वाचताना मला बाजू घेता येईना. शिक्षकाने आपल्या हिशोबाने जे बरोबर वाटलं ते केलं आणि तो त्याची शिक्षा भोगून गेला. त्याच्याबद्दल आदर वाटतो. पण मुलाला अडवायचं की खेळवायचं यावर भांडणाऱ्या हजारो लोकांपैकी, ‘याला बीजगणित कोण शिकवणार?’ हा प्रश्न किती जणांनी विचारला, ते मला कुठे दिसलं नाही. खेळवणाऱ्यांना त्याचे पाय हवे होते, अडवणाऱ्यांना त्याची जागा. पेरोच्या नियमाचा हेतू मुलाला वर्गाकडे वळवण्याचा होता. त्या वर्षी सगळं राज्य बीजगणितावर बोललं, पण मुलगा वर्गात होता तिथेच राहिला.

शुक्रवारी ते दोघं मला मॅचला घेऊन गेले. झगझगीत दिवे, बँड, नाचोजचा वास, चार-पाच वर्षांची पोरं शाळेचे रंग तोंडाला फासून. मिडलंडवाला नाणेफेकीच्या वेळी नेहमीप्रमाणे खाली बघत होता. डेटाबेसवाला पहिल्या टचडाउनला माझ्या पाठीत गुद्दा घालून ओरडला. तिसऱ्या भागात एक पोरगा जखमी होऊन लंगडत बाहेर गेला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो कुणाचा कोण, मला माहीत नव्हतं. तरी माझ्याही टाळ्या वाजल्या. या खेळाचं वेड कसं लागतं ते त्या क्षणी कळलं.

घरी आलो तेव्हा भारतात सकाळ झाली होती. मी रूममेटला फोन लावला. दीड वर्षाने. तो दुकान उघडत होता. संध्याकाळी गावातल्या शाळेच्या मैदानावर पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो म्हणाला.

‘‘पोरं अभ्यास करतात का रे?’’ मी विचारलं.

‘‘करत नाहीत. म्हणून मी आधी अर्धा तास मैदानाच्या कडेला गणितं सोडवून घेतो. मला येत नाहीत ती मोबाइलवर बघतो. मग नेट बांधायचं.’’ जरा थांबून म्हणाला, ‘‘तुझं एम-थ्री सुटलं ना? मग अडलं की तुलाच फोन लावीन. उचल म्हणजे झालं.’’

दोन मार्क ग्रेसचे होते, हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी, म्हणजे माझ्या शुक्रवारच्या रात्री, त्याचा फोन येतो. मागच्या आठवड्यात वर्गसमीकरणं होती.